रस्त्याची पुनर्रचना आणि पादचाऱ्याची सुरक्षितता : जुहू परिसराच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

नागरीकरणाच्या प्रक्रियेत रस्ता हा शहराच्या सार्वजनिक जीवनाचा कणा मानला जातो. रस्त्यावरून माणसे आणि माल यांची ने-आण होते हे खरे. परंतु त्याच रस्त्यावर मुले शाळेला जातात, भाजी विकली जाते, वृद्ध माणसे सायंकाळी फिरावयास निघतात आणि गणपती विसर्जनाला नेले जातात. रस्त्याच्या या अनेकविध उपयोगांपैकी नगरनियोजनाने गेल्या पाऊणशे वर्षांत एकाच उपयोगाला, म्हणजे वाहनांच्या विनाअडथळा प्रवाहाला, प्राधान्य दिले. त्याची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात मृतांमधील पादचाऱ्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच अधिक आढळते.

या पार्श्वभूमीवर 'रस्त्यांची पुनर्रचना' हा शब्दप्रयोग अलीकडे प्रशासकीय भाषेत रूढ झाला आहे. परंतु या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी भिन्न, प्रसंगी परस्परविरोधी कामे चालतात. उड्डाणपूल बांधणे, डांबरी रस्ता काँक्रीटचा करणे, पदपथावर नवे पेव्हर ब्लॉक बसविणे आणि चौकाची भूमिती बदलणे या सर्वांना पुनर्रचना म्हटले जाते. यांपैकी माणसाचा जीव वाचविणारी पुनर्रचना कोणती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात जुहू परिसराच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) रस्ता सुरक्षेच्या चर्चेत वापरल्या जाणाऱ्या संज्ञांची चिकित्सा करणे.
२) जुहू परिसरातील रस्त्यांची घडण व तेथील पुनर्रचनेचे स्वरूप तपासणे.
३) पुनर्रचनेच्या मूल्यमापनासाठी योग्य कसोटी सुचविणे.

संज्ञांची चिकित्सा :

कोणत्याही धोरणाचे अंतरंग त्याच्या भाषेत प्रकट होते. 'वाहतूक' या शब्दाचा मूळ अर्थ वाहून नेणे असा व्यापक आहे. व्यवहारात मात्र तो केवळ वाहनांपुरता उरला आहे. 'वाहतूक कोंडी' म्हणताच डोळ्यांसमोर मोटारींची रांग येते. अरुंद पदपथावर, बसथांब्याच्या मागे, गटाराच्या उघड्या झाकणापाशी माणसांची जी कोंडी होते तिला हे नाव मिळत नाही. ज्या गोष्टीला नाव नाही तिची मोजणी होत नाही आणि जिची मोजणी नाही तिच्यासाठी तरतूद होत नाही. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००८ साली पूर्ण झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात दैनंदिन फेऱ्यांपैकी सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होत असल्याचे दिसून आले होते. तरीही रस्त्याची क्षमता ठरविताना ताशी किती मोटारी जातात हाच हिशेब होत राहिला.

दुसरी संज्ञा 'अपघात' ही होय. या शब्दात आकस्मिकतेचा, दैवाधीनतेचा भाव आहे. विशिष्ट चौकात विशिष्ट प्रकारची धडक वर्षानुवर्षे होत असेल तर तिला आकस्मिक म्हणता येत नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाने २००१ साली याच कारणासाठी 'अपघात' या अर्थाचा इंग्रजी शब्द आपल्या पानांवर न वापरण्याचा निर्णय घेतला होता. मराठीत पर्यायी शब्द रुजविणे सोपे नाही व त्याची निकडही नाही. परंतु हा शब्द उच्चारताना रस्त्याच्या रचनेची जबाबदारी नकळत पुसली जाते, याचे भान अभ्यासकाने ठेवावयास हवे.

तिसरी संज्ञा 'बेशिस्त पादचारी' ही आहे. रस्ता कोठूनही ओलांडणाऱ्या माणसाला बेशिस्त ठरविणे सोपे असते. परंतु पुढचे झेब्रा पट्टे पाव किलोमीटरवर असतील तर तेथवर जाऊन परत येण्यासाठी अर्धा किलोमीटर चालावे लागते आणि त्यासाठी सात-आठ मिनिटे लागतात. वाहनचालकाला इतका वळसा पडत असेल तर दुभाजक तोडून वळण देण्याची मागणी होते व अनेकदा ती मान्यही होते. तीच मागणी पादचाऱ्याने आपल्या पायांनी केली की ती बेशिस्त ठरते. हा भेद शिस्तीचा नसून अधिकाराचा आहे.

जुहूची भौगोलिक घडण :

जुहूच्या रस्त्यांचे प्रश्न समजून घेण्यासाठी तेथील भूगोल लक्षात घेणे आवश्यक आहे. पश्चिमेला समुद्र व त्याची वाळूची पट्टी, पूर्वेला १९२८ साली सुरू झालेले जुहूचे विमानतळ आणि त्यांच्या मधून दक्षिणोत्तर जाणारा जुहू तारा रोड अशी ही रचना आहे. विमानतळाच्या विस्तीर्ण मोकळ्या जागेमुळे पूर्व-पश्चिम रस्ते मोजकेच उरले. परिणामी दक्षिणोत्तर वाहतुकीचा भार एकीकडे एस. व्ही. रोड आणि दुसरीकडे जुहू तारा रोड या दोन रस्त्यांवर येऊन पडतो.

जुहू तारा रोड हा मूळचा कोळीवाडे व वाड्या यांना जोडणारा किनाऱ्यालगतचा मार्ग होय. आज त्याच्या कडेला पंचतारांकित हॉटेले, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा जुहू परिसर, बंगले, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि जुहू कोळीवाडा अशी अत्यंत भिन्न आर्थिक स्तरांतील वस्ती आहे. सुट्टीच्या दिवशी शहराच्या कानाकोपऱ्यांतून चौपाटीवर येणारा माणूस बसमधून किंवा रिक्षातून उतरतो आणि समुद्राकडे जाण्यासाठी त्याला बहुधा हा रस्ता ओलांडावा लागतो. अशा प्रकारे ज्या रस्त्याच्या आडव्या दिशेने माणसांचा प्रवाह सर्वाधिक आहे, त्याच रस्त्यावर उभ्या दिशेने वाहनांचा प्रवाह वेगवान ठेवण्याचा प्रयत्न होतो. जुहूच्या प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

याच्या उत्तर-पूर्वेस जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीम, म्हणजेच 'जे. व्ही. पी. डी.', ही नियोजित वसाहत आहे. क्रमांक दिलेले समांतर रस्ते, त्यांना छेदणारे आडवे रस्ते, गुलमोहर रोडसारखे वृक्षाच्छादित मार्ग आणि मिठीबाई, नरसी मोनजी आदी महाविद्यालयांचा समूह ही तिची वैशिष्ट्ये होत. काटकोनी जाळ्यामुळे येथे चौकांची संख्या मोठी आहे. अशा जाळ्यात मुख्य रस्ता तुंबला की वाहने आतील गल्ल्यांमधून वाट काढतात आणि निवासी रस्त्याला द्रुतगती मार्गाचे रूप येते. ब्रिटनमध्ये कॉलिन ब्यूकॅनन यांनी १९६३ च्या 'ट्रॅफिक इन टाउन्स' या अहवालात हाच धोका मांडून, प्रत्येक वस्तीची वाहने सामावून घेण्याची एक पर्यावरणीय मर्यादा असते असे प्रतिपादन केले होते. जे. व्ही. पी. डी. मध्ये ती मर्यादा कोणी ठरविली नाही.

उन्नतीकरणाचा मार्ग :

मुंबईत पादचाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचार प्रामुख्याने विलगीकरणाच्या अंगाने झाला. पादचाऱ्याला रस्त्यावरून उचलून वर न्यावे किंवा जमिनीखाली उतरवावे, म्हणजे तो सुरक्षित होईल आणि वाहनेही थांबणार नाहीत, असे हे तत्त्व आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ पासून महानगर प्रदेशात सुमारे ३६ स्कायवॉक उभारले. त्यांतील पहिला वांद्रे पूर्व येथे होता. रेल्वे स्थानकालगतच्या दाट गर्दीत काही स्कायवॉक उपयुक्त ठरले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तत्त्व म्हणून हा मार्ग सदोष आहे. वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावयाची तर पादचाऱ्याला सुमारे सहा मीटर चढावे लागते, म्हणजे पंधरा सेंटिमीटरची पायरी धरल्यास चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस पायऱ्या खाली. गुडघेदुखीने त्रस्त वृद्धा, कडेवर मूल असलेली स्त्री, मासळीची पाटी घेतलेली कोळीण आणि चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती या सर्वांना हा मार्ग वगळतो. ज्याला चढणे शक्य नाही तो खालून जातो आणि खालचा रस्ता आता 'पादचारीमुक्त' समजला जात असल्याने तेथील वाहने अधिकच वेगात असतात.

वाहनांच्या उन्नतीकरणाचा जुहूशी निगडित दाखला म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले पूल आणि सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल होय. अंधेरी स्थानकालगतच्या गोखले पुलाचा पदपथाकडील भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला आणि त्यात दोघांचा बळी गेला. हा पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतुकीस पूर्णतः बंद करण्यात आला. पुनर्बांधणीनंतर त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा नवा पूल आणि त्याला जुहूच्या दिशेने जोडला जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या पातळीत दीड-दोन मीटरची तफावत असल्याचे सर्वांना दिसले. रेल्वेमार्गावर आवश्यक उंचीचे निकष बदलल्यामुळे नवा पूल उंच करावा लागला, असे त्याचे स्पष्टीकरण होते. पुढे वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली बर्फीवाला पुलाचा भाग उचलून जुलै २०२४ मध्ये एका बाजूची जोडणी पूर्ण झाली. संपूर्ण गोखले पूल मे २०२५ मध्ये खुला झाला.

या प्रकरणाची वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांतून पुष्कळ चर्चा आणि थट्टा झाली. ती स्वाभाविकच होती. परंतु चिकित्सेच्या दृष्टीने एक बाब दुर्लक्षित राहिली. वाहनाच्या वाटेतील एका ठिकाणची तफावत हा संपूर्ण शहराच्या संतापाचा विषय ठरला आणि ती काही महिन्यांत दूर झाली. पादचाऱ्याच्या वाटेत मात्र अशी तफावत प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी असते. पदपथ फाटकासमोर तुटतो, उतरतो, पुन्हा वीतभर चढतो, विजेच्या पेटीपाशी अरुंद होतो आणि वाहनतळाच्या प्रवेशद्वारापाशी संपतो. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधाविषयक मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१२ च्या आवृत्तीत निवासी भागात किमान १.८ मीटर रुंदीचा निर्वेध पदपथ असावा आणि त्याची कडा १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी असे नमूद आहे. हा निकष पाळला न गेल्यामुळे कोणताही पदपथ 'बंद' घोषित झाल्याचे ऐकिवात नाही. माणूस मुकाट्याने खाली रस्त्यावर उतरतो. नेमक्या याच क्षणी तो धोक्याच्या कक्षेत येतो.

सुशोभीकरण आणि काँक्रिटीकरण :

पुनर्रचनेचा दुसरा प्रकार सुशोभीकरणाचा आहे. रंगीत फरशा, शोभिवंत दिवे, कुंड्या आणि भिंतीवरील चित्रे यांमुळे रस्ता देखणा होतो. परंतु चौकाची रुंदी, वळणाची त्रिज्या व वाहनाची गती यांत बदल झाला नाही तर सुरक्षितता होती तेथेच राहते. किंबहुना चकचकीत फरशी पावसाळ्यात निसरडी होऊन नवा धोकाही निर्माण होतो.

तिसरा प्रकार काँक्रिटीकरणाचा आहे. मुंबईतील सुमारे २,०५० किलोमीटर लांबीचे रस्ते टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचे करण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतले असून जानेवारी २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या टप्प्याचा शुभारंभ झाला. खड्डे हे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचे एक कारण असल्याने या कामाचे महत्त्व निर्विवाद आहे. आक्षेप वेगळा आहे. रस्ता तळापासून खणला जातो त्या वेळी पदपथ रुंद करणे, चौकातील कोपरे आवळणे, ओलांडण्याची जागा उंचावणे ही कामे तुलनेने अल्प खर्चात होऊ शकतात. ही संधी एकदा हुकली की काँक्रीटच्या टिकाऊपणामुळे ती पुन्हा दोन-तीन दशके येत नाही. जुनी भूमिती कायम ठेवून केवळ पृष्ठभाग गुळगुळीत केल्यास वाहनाची गती वाढते. म्हणजे खड्ड्यांमुळे होणारी इजा कमी होत असताना गतीमुळे होणारी इजा वाढण्याची शक्यता निर्माण होते. एका धोक्याच्या जागी दुसरा आणणारे काम पुनर्रचना या नावास पात्र ठरत नाही.

गती, अंतर आणि वेळ : मूल्यमापनाची कसोटी

रस्त्याच्या पुनर्रचनेचे मूल्यमापन तीन मोजता येण्याजोग्या बाबींवर व्हावे. त्या म्हणजे वाहनाची प्रत्यक्ष गती, ओलांडावयाचे अंतर आणि पादचाऱ्याला मिळणारा वेळ.

चालकाला धोका दिसून ब्रेक लावेपर्यंत एक सेकंद जातो असे मानले आणि कोरड्या रस्त्यावरील साधारण ब्रेकक्षमता गृहीत धरली, तर ताशी ३० किलोमीटर गतीची मोटार सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटर गतीच्या मोटारीला सुमारे २८ मीटर लागतात. यातील महत्त्वाचा भाग असा की, पहिली मोटार ज्या ठिकाणी पूर्णपणे थांबलेली असते त्या ठिकाणी दुसऱ्या मोटारीच्या चालकाचा पाय अद्याप ब्रेकवर पडलेलाही नसतो. ती पूर्ण गतीने तेथून पुढे जाते. तेरा मीटरवर अचानक रस्त्यात आलेल्या मुलाच्या दृष्टीने हा फरक काही अंशांचा नसून जीवन आणि मृत्यू यांतील आहे. गती दुप्पट झाली की धडकेची ऊर्जा चौपट होते, हा शालेय भौतिकशास्त्रातील नियम येथे शब्दशः लागू पडतो. याच कारणास्तव फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जेथे पादचारी व वाहने वारंवार एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी असा आग्रह धरण्यात आला. भारतात मात्र केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरविली. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते हे खरे. पण धोरणाची दिशा त्या आकड्यातून स्पष्ट होते.

आता अंतराचा विचार करू. प्रत्येकी साडेतीन मीटरच्या चार मार्गिका ओलांडावयाच्या तर १४ मीटर चालावे लागते. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या निरोगी माणसाला त्यासाठी जवळजवळ १२ सेकंद लागतात, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धाला साडेसतरा. ओलांडण्याच्या जागी दोन्ही बाजूंचा पदपथ दोन-दोन मीटर पुढे आणला तर अंतर १० मीटरवर येते आणि तोच वृद्ध साडेबारा सेकंदांत पलीकडे जातो. मध्ये दुभाजकात थांबण्यास सुरक्षित जागा दिली तर त्याला एका वेळी एकाच दिशेच्या वाहनांकडे लक्ष द्यावे लागते. पदपथ पुढे आणल्याने चौकातील वळण आवळले जाते व वाहनाला गती कमी करूनच वळावे लागते. येथे फलकाची, दंडाची अथवा हवालदाराची गरज मुळातच कमी होते, कारण रस्त्याची भूमितीच चालकाला शिस्त लावते.

पर्यायी प्रयोग :

हा विचार केवळ परदेशातून आणलेला नाही. ब्लूमबर्ग परोपकारी संस्थेच्या जागतिक रस्ता सुरक्षा उपक्रमात मुंबई २०१५ साली सहभागी झाली. त्यातून वांद्र्याचे एच. पी. जंक्शन व मालाडची मिठचौकी या ठिकाणी चौकाची रचना बदलण्याचे प्रयोग झाले. रंग, शंकू आणि अडथळे यांच्या साहाय्याने आधी तात्पुरता बदल करून पाहावा, त्याचा परिणाम मोजावा आणि मगच बांधकाम करावे, ही या पद्धतीची विशेषता होय. पुढे 'मुंबई स्ट्रीट लॅब' या उपक्रमात महानगरपालिकेने पाच रस्त्यांसाठी रचनाकारांची स्पर्धा घेतली. त्यांत जुहूला समांतर जाणाऱ्या एस. व्ही. रोडचाही समावेश होता. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले व जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले. या प्रयोगांची उणीव अशी की, ते निवडक ठिकाणांपुरते राहिले. दाखविण्यासाठी एक रस्ता आणि नेहमीच्या पद्धतीने उरलेले सर्व रस्ते, अशी विभागणी झाली.

खुद्द जुहूमध्ये वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी स्थानिक रहिवाशांच्या सहभागातून 'व्हिजन जुहू' ही संकल्पना मांडली. इर्ला नाल्याच्या दोन्ही काठांनी चालण्यासाठी व सायकलसाठी मार्ग करून वस्त्या, शिक्षणसंस्था, उद्याने आणि समुद्रकिनारा यांना जोडण्याचा विचार तीत आहे. श्री. दास यांना २०१६ साली जेन जेकब्स पदक प्राप्त झाले. ज्या जेकब्स यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांच्या नियोजनावर टीका करताना पदपथावरील माणसांच्या वावराला शहराच्या सुरक्षिततेचा पाया मानले, त्यांच्या नावाचे पदक जुहूच्या कामाशी जोडले जावे हे उचित होते. तथापि या संकल्पनेचीही एक मर्यादा आहे. नाल्याकाठचा मार्ग कितीही रम्य असला तरी तो जेथे मोटाररस्त्याला छेदतो तेथे पादचारी पुन्हा जुन्याच धोक्यासमोर उभा राहतो. मार्ग आणि चौक यांची रचना एकत्रितपणे झाली तरच ही साखळी अखंड राहील.

आक्षेपांचा विचार :

मुंबईत जागाच नाही, हा पुनर्रचनेविरुद्धचा सर्वांत प्रबळ आक्षेप आहे. या आक्षेपाचे उत्तर जुहू स्वतःच दरवर्षी देते. अनंत चतुर्दशीला जुहू चौपाटीवर विसर्जनासाठी अफाट जनसमुदाय लोटतो. त्या दिवशी वाहतूक पोलीस रस्ते बंद करतात, काही रस्ते एकदिशा करतात, वाहने उभी करण्यास मनाई करतात आणि लाकडी बांबूंचे अडथळे बांधून चालणाऱ्यांसाठी जागा काढतात. शहर त्या दिवशी कोलमडून पडत नाही. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. जागा उपलब्ध असते, तिचे वाटप बदलता येते. आणि ते बदलण्याचे प्रशासकीय कौशल्यही आपल्याकडे आहे. प्रश्न उरतो तो उरलेल्या दिवसांत वाटपाचा क्रम काय असावा एवढाच. रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक मोटार सुमारे दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जागा व्यापते. त्या जागेबद्दल कोणी अतिक्रमण हा शब्द वापरत नाही.

दुसरा आक्षेप फेरीवाल्यांसंबंधी आहे. पदपथ रुंद केला तर तो फेरीवाले व्यापतील, असे म्हटले जाते. या भीतीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु पदपथ अरुंद ठेवल्याने फेरीवाला नाहीसा होत नाही, पादचारी मात्र रस्त्यावर ढकलला जातो. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या कायद्याने विक्रीक्षेत्रे आखण्याची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी रस्त्याच्या आराखड्यातच अंतर्भूत करणे हा त्यावरील मार्ग आहे. तिसरा आक्षेप रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांच्या विलंबाचा असतो. तो गंभीर असून प्रत्येक आराखड्यात वळणांची तपासणी या मोठ्या वाहनांच्या दृष्टीने होणे अनिवार्य आहे. परंतु व्यवहारात रुग्णवाहिका अडते ती रुंद पदपथामुळे नव्हे, तर मोटारींच्या गर्दीमुळे, हेही विसरता कामा नये.

जबाबदारीचा प्रश्न :

धडकेनंतर नोंदविल्या जाणाऱ्या गुन्ह्यात चालकाचा हलगर्जीपणा केंद्रस्थानी असतो. मद्यपान करून वा बेदरकारपणे वाहन चालविणाऱ्यास कठोर शासन झालेच पाहिजे. तथापि त्याच जागी पुढच्या वर्षी दुसरा चालक दुसऱ्या माणसाचा जीव घेतो, तेव्हा रचनाकाराला प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारलेल्या 'व्हिजन झिरो' धोरणाचा गाभा हाच आहे. माणूस चुका करणार हे गृहीत धरून त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशी व्यवस्था घडविणे हे रचनाकाराचे दायित्व होय. भारतातही मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ नुसार सुरक्षिततेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्त्याचे प्राधिकरण, ठेकेदार व सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम अल्प आहे, पण तत्त्व मोठे आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे पदपथ ही यापुढे नगरपालिकेची कृपा राहिलेली नाही.

या जबाबदारीची कसोटी जुहूमध्ये लवकरच लागणार आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळातर्फे बांधल्या जात असलेल्या सुमारे १७ किलोमीटरच्या वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचा एक जोडरस्ता जुहू कोळीवाड्यालगत उतरणार आहे. सेतूवर कोणताही छेदरस्ता नसल्याने वेगाची सवय झालेला चालक काही क्षणांत कोळीवाड्याच्या, विद्यापीठाच्या व चौपाटीच्या रस्त्यावर येईल. सेतूवरील प्रवासाचा वेळ किती वाचेल हे प्रकल्प मांडताना वारंवार सांगितले जाते. जोडरस्त्याच्या पायथ्याशी गती कशी उतरविली जाईल, रस्ता ओलांडणाऱ्याला किती सेकंद मिळतील, हे प्रश्न तितक्याच ठळकपणे चर्चिले जाणे आवश्यक आहे. सेतू पूर्ण झाल्यावर नव्हे, तर पूर्ण होण्याआधी जुहू तारा रोडची पुनर्रचना हाती घेतली तर ती प्रतिबंधक ठरेल. नंतर घेतली तर ती मृतांच्या आकडेवारीवर आधारलेली असेल.

समारोप :

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) पादचाऱ्याला हलविणाऱ्या रचनेपेक्षा वाहनाची गती नियंत्रित करणारी रचना अधिक समन्यायी व अधिक सुरक्षित असते.
२) सुशोभीकरण व काँक्रिटीकरण ही पुनर्रचनेची साधने होऊ शकतात, पर्याय नव्हेत.
३) कोणत्याही रस्त्याच्या कामापूर्वी आणि कामानंतर गती, ओलांडण्याचे अंतर व लागणारा वेळ यांची मोजणी करून ती प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.
४) नवीन जलदगती प्रकल्पांच्या मंजुरीतच त्यांच्या पायथ्याशी असलेल्या स्थानिक रस्त्यांच्या पुनर्रचनेचा खर्च अंतर्भूत असावा.

या मोजणीसाठी महागड्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. मोजपट्टी, घड्याळ आणि नोंदवही पुरेशी आहे. जुहू-विलेपार्ले परिसरात महाविद्यालयांचा एवढा मोठा समूह असताना भूगोल, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व अभियांत्रिकी विभागांनी तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी आपल्या प्रवेशद्वारासमोरील एकेका चौकाची अशी नोंद दरवर्षी ठेवली, तर काही वर्षांतच महापालिकेच्या कोणत्याही विभागाला नाकारता येणार नाही असा विश्वसनीय पुरावा उभा राहील. हजारो विद्यार्थी दररोज तोच रस्ता ओलांडून वर्गात येतात. त्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास त्यांच्याच हातून होणे, हे बहुविद्याशाखीय संशोधनाचे एक सार्थ रूप ठरेल.